विमानांचा आवाज आणि नागरिकांची नोंदवही

घरावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज ही शहरातील सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी नोंदवली गेलेली तक्रार आहे. लाऊडस्पीकर वाजला तर तो कोणाचा, हे ठाऊक असते. पोलिसांना दूरध्वनी करता येतो. विमान मात्र अर्ध्या मिनिटात दिसेनासे होते. तक्रार लिहायला बसेपर्यंत आकाश पुन्हा शांत झालेले असते आणि अधिकाऱ्यांसमोर उरतो तो केवळ ‘फार त्रास होतो’ हा शब्दप्रयोग. हा शब्दप्रयोग आकड्यांत मांडण्याचे काम गेल्या काही दशकांत अनेक देशांतील विमानतळांलगतच्या रहिवाशांनी स्वतःच हाती घेतले. महाराष्ट्रातही आवाज मोजून न्यायालयात जाण्याची परंपरा आहे. मात्र ती प्रामुख्याने उत्सव, फटाके, भोंगे आणि रस्त्यांवरील वाहतूक यांच्याभोवती वाढली. विमानांच्या आवाजाची नोंद कशी ठेवतात, तिला कायद्यात कोणता आधार आहे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा हा आढावा.

मापनाची मुंबईतील परंपरा

मुंबईत ध्वनिप्रदूषणाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याचा आरंभ डॉ. यशवंत ओक यांच्या १९८५ मधील याचिकेपासून मानला जातो. लाऊडस्पीकरच्या बेसुमार वापराला आवर घालावा, ही त्यामागील मागणी होती. पुढे २००३ मध्ये सुमैरा अब्दुलअली यांनी डॉ. ओक आणि अन्य सहकाऱ्यांसह शांतता क्षेत्रांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. अब्दुलअली यांनी २००६ मध्ये ‘आवाज फाउंडेशन’ स्थापन केले. हातात ध्वनिमापक घेऊन गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळीत ठिकठिकाणी फिरायचे, वेळ व जागेसह आकडे टिपायचे आणि ते शासन, पोलिस व वृत्तपत्रांकडे पाठवायचे, अशी या संस्थेची पद्धत आहे.

या पद्धतीचे महत्त्व एका वर्षाच्या आकड्यात नाही. वर्षांमागून वर्षे साचलेल्या नोंदींत आहे. गणेशोत्सवातील कमाल आवाज काही वर्षी १२० डेसिबलच्या पलीकडे गेला आणि २०२० च्या करोनाकाळात तो १०० च्या आसपास उतरला, हे सांगता येते ते सलग नोंदी असल्यामुळेच. विमानांच्या बाबतीत अशा सलग, नागरिकांनी ठेवलेल्या नोंदींची उणीव आहे.

ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल या परंपरेतील पुढचा टप्पा होय. शहरांचे ध्वनिमापन करून नकाशे तयार करावेत आणि पोलिसांकडे ध्वनिमापक यंत्रे असावीत, यावर त्या निकालाचा भर होता. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘नीरी’च्या साह्याने राज्यातील २७ महापालिका क्षेत्रांत ध्वनिमापनाचे काम करून घेतले.

डेसिबलचे गणित

आवाजाचे माप डेसिबलमध्ये देतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली तर आकडा केवळ ३ ने वाढतो. दहापट झाली तर १० ने. मानवी कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाज झाल्यासारखी जाणवते. त्यामुळे ६५ आणि ७५ या आकड्यांतील अंतर वाचताना किरकोळ वाटले, तरी कानाला आणि ऊर्जेच्या हिशेबाला ते किरकोळ नसते.

मानवी कान सर्व पट्ट्यांतील आवाज सारखे ऐकत नाही. खर्जातील आवाज त्याला कमी जाणवतात. म्हणून यंत्रात ‘ए’ भारांकन वापरतात आणि एकक डेसिबल (ए) असे लिहितात. नोंदवहीत तीन मापांना महत्त्व असते. विमान जाताना गाठलेला सर्वोच्च आकडा म्हणजे कमाल पातळी. ठराविक काळातील चढउतारांची ऊर्जेच्या हिशेबाने काढलेली सरासरी म्हणजे समतुल्य पातळी, जिला तांत्रिक भाषेत ‘एलईक्यू’ म्हणतात. एका उड्डाणाची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर येणारा आकडा म्हणजे त्या घटनेची ध्वनिमात्रा. दोन वेगवेगळ्या विमानांची तुलना करण्यासाठी हे तिसरे माप उपयोगी पडते, कारण एक विमान थोडा वेळ मोठ्याने आणि दुसरे बराच वेळ मध्यम आवाजात जाऊ शकते.

कायदा काय सांगतो?

पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम लागू केले. त्यात सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली आहे. परिसरानुसार समतुल्य पातळीच्या मर्यादा अशा आहेत :

औद्योगिक क्षेत्र : दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
व्यापारी क्षेत्र : दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल
निवासी क्षेत्र : दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
शांतता क्षेत्र : दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल

मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा त्याहून अधिक आवाज आढळल्यास नागरिकाला प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, अशी तरतूद याच नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेल्या निकालात ध्वनिप्रदूषणाचा संबंध घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काशी जोडला. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, हे त्या निकालाचे सार आहे.

विमानतळांसाठी मात्र या यादीत स्वतंत्र रकाना नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये विमानांच्या आवाजाच्या मापनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्यक्ष निकष आले ते जून २०१८ मधील केंद्रीय अधिसूचनेने. वर्षाला ५० हजारांहून अधिक उड्डाणे व उतरणी होणारे विमानतळ ‘व्यग्र’ मानले गेले. त्यांच्या ध्वनिक्षेत्रासाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, तर इतर विमानतळांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६० डेसिबल अशी मर्यादा ठरली. नियोजित विमानतळ या निकषांतून वगळले गेले.

म्हणजे विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात येणाऱ्या वस्तीला रात्री लागू होणारा आकडा आणि साध्या निवासी वस्तीचा आकडा यांत २० डेसिबलचे अंतर पडले. ऊर्जेच्या हिशेबाने हे अंतर शंभरपटीचे आहे.

सरासरीत हरवलेली झोप

हे अंतर प्रत्यक्षात काय असते, हे एका साध्या हिशेबाने कळते. सोयीसाठी असे धरू, की घरावरून जाणारे प्रत्येक विमान ३० सेकंद सलग ८५ डेसिबलचा आवाज करते आणि उरलेला वेळ पूर्ण शांतता असते. तासाभरात असे एकच विमान गेले तर त्या तासाची समतुल्य पातळी सुमारे ६४ डेसिबल येते. दोन गेली तर ६७, दहा गेली तर ७४.

आता पूर्ण दिवसाचा विचार करू. निवासी क्षेत्रासाठीची दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा सोळा तासांत अशा आवाजाच्या ५८ सेकंदांत संपते. दुसरे विमान डोक्यावरून जाईपर्यंत दिवसभराचा वाटा खर्ची पडलेला असतो. व्यग्र विमानतळाच्या ७० डेसिबलच्या मर्यादेत मात्र अशी ६० विमाने बसतात. रात्री निवासी मर्यादा तीन सेकंदांत ओलांडली जाते, तर विमानतळाच्या ६५ डेसिबलच्या मर्यादेत अशी नऊ विमाने जाऊ शकतात.

नऊ वेळा झोपमोड झालेल्या माणसाला ‘सरासरी मर्यादेत आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर नियमानुसार बरोबर असू शकते आणि त्याची तक्रारही खरी असू शकते. नागरिकांनी ठेवलेल्या नोंदवहीचे मोल येथे आहे. तीत सरासरीबरोबर प्रत्येक विमानाची वेळ आणि कमाल पातळी असते. किती वाजता, किती वेळा आणि किती जोरात, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत आणि सरासरीचा एक आकडा त्यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे देत नाही.

युरोपात यासाठी दिवस, संध्याकाळ आणि रात्र यांचा एकत्रित निर्देशांक वापरतात. त्यात संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल मिळवून मग सरासरी काढतात. रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतके मोजले जावे, हा त्यामागील हेतू आहे. भारतीय निकषांत दिवस आणि रात्र वेगळी मोजतात. संध्याकाळसाठी वेगळा भार नाही.

मुंबईचे आकाश

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असून तिची लांबी ३,४४८ मीटर आहे. दुसरी वायव्य-आग्नेय असून ती २,८७१ मीटर लांब आहे. छेदनामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो. या मर्यादेतही या विमानतळाने एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे-उतरणी हाताळल्या आहेत.

विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात आणि उडतात. मुंबईत वारा बहुतांश काळ समुद्राकडून येतो. त्यामुळे उतरणारी विमाने सहसा पूर्वेकडून, घाटकोपर आणि कुर्ल्यावरून येतात. उडणारी पश्चिमेला, विलेपार्ले-सांताक्रूझ पट्ट्यावरून समुद्राकडे जातात. वारा फिरला की हा क्रम उलटतो. म्हणून एकाच घरात आठवडाभर शांतता आणि पुढचा आठवडाभर गडगडाट, असा अनुभव येतो. चार दिवसांची नोंद पुरेशी नसते, याचे कारण हेच.

धावपट्टीच्या दुरुस्तीचा काळ नोंदींसाठी विशेष बोलका असतो. फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये दोन्ही धावपट्ट्यांच्या छेदनाच्या ठिकाणी काम असल्यामुळे आठवड्यातून तीन दिवस सहा तास विमानतळ बंद ठेवला गेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. २५ मार्चपासून देशांतर्गत प्रवासी विमानसेवा थांबली ती थेट २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. त्या दोन महिन्यांत ज्यांनी आपल्या गच्चीवर आवाज मोजला, त्यांच्याकडे विमानाविना आपला परिसर किती शांत असतो, याचा दुर्मीळ पुरावा आहे. अर्थात तेव्हा रस्त्यांवरची वाहनेही थांबली होती, हे त्या आकड्यांचा अर्थ लावताना ध्यानात घ्यावे लागते.

हेलिकॉप्टरांचा प्रश्न निराळा आहे. जुहूचा विमानतळ १९२८ चा. टपाल घेऊन कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा यांचे विमान १९३२ मध्ये तेथेच उतरले होते. पुढे तो प्रामुख्याने हेलिकॉप्टरांचा तळ झाला. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरे येथूनच उडतात. हेलिकॉप्टरच्या आवाजात खर्जाचा भाग मोठा असतो आणि पंख्यांचे ठोके स्पष्ट ऐकू येतात. ‘ए’ भारांकन खर्जाला कमी लेखत असल्याने यंत्रावरचा आकडा आणि खिडकीच्या काचांची थरथर यांचा मेळ अनेकदा बसत नाही. अशा वेळी यंत्रात सोय असल्यास ‘सी’ भारांकनाचाही आकडा टिपावा.

पुण्यात लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. तेथे लष्करी आणि प्रवासी विमाने एकच धावपट्टी वापरतात. विमाननगर, लोहगाव परिसरातील रहिवाशाने नोंद ठेवताना लढाऊ विमान आणि प्रवासी विमान यांच्यासाठी वेगळे रकाने केले नाहीत, तर दोन्हींचे आकडे निरुपयोगी होतात.

नोंद कशी ठेवावी?

मापनाचा आरंभ यंत्रापासून होतो. ध्वनिमापक यंत्रांचे आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग अधिक अचूक आणि महाग असतो. नागरिकांच्या नोंदींसाठी दुसऱ्या वर्गाचे यंत्र पुरेसे ठरते. यंत्रासोबत ९४ डेसिबलचा ठराविक सूर देणारे अंशांकन साधन असावे. प्रत्येक सत्राआधी आणि नंतर त्याने यंत्र तपासून आकडा वहीत लिहावा. समोरचा पक्ष पहिला प्रश्न याच तपासणीबद्दल विचारतो.

मोबाइलमधील ॲप हे यंत्राला पर्याय नाहीत. अमेरिकेतील ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेने २०१७ मध्ये आयफोनसाठी मोफत ध्वनिमापन ॲप काढले, फ्रान्समध्ये संशोधकांनी त्याच वर्षी ‘नॉइजकॅप्चर’ हे ॲप खुले केले. अशी साधने कल येण्यासाठी, कोणत्या वेळी यंत्र लावायचे ते ठरवण्यासाठी उपयोगी आहेत. निरनिराळ्या फोनमधील सूक्ष्म मायक्रोफोन मात्र एकसारखे नसतात. दोन शेजाऱ्यांच्या फोनवरील आकड्यांत पडणारा फरक विमानाचा असेलच असे नाही.

यंत्र जमिनीपासून किंवा गच्चीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, तिपाईवर ठेवावे. भिंत, पाण्याची टाकी किंवा कठडा यांपासून ते साडेतीन मीटर तरी दूर असावे. भिंतीलगत परावर्तित आवाजामुळे आकडा ३ डेसिबलपर्यंत फुगतो. मायक्रोफोनवर स्पंजचे आवरण हवे. जोराचा वारा किंवा पाऊस असताना घेतलेल्या नोंदी बाजूला ठेवाव्यात, कारण वारा स्वतःच मायक्रोफोनवर आवाज करतो. विमानासाठी यंत्राचा प्रतिसाद ‘संथ’ वर ठेवण्याचा प्रघात आहे.

वहीत रकाने असे असावेत : दिनांक, वेळ सेकंदासह, विमान येण्यापूर्वीची पार्श्वभूमी पातळी, कमाल पातळी, आवाज किती सेकंद टिकला, विमान उतरत होते की उडत होते, कोणत्या दिशेने गेले, वारा आणि शेरा. शेऱ्यात कुत्र्याचे भुंकणे, रिक्षाचा भोंगा, प्रेशर कुकरची शिटी, सारे लिहावे. गोंधळाच्या नोंदी गाळून केवळ मोठे आकडे ठेवण्याचा मोह टाळायला हवा. ज्या वहीत शांत दिवसही आहेत, त्या वहीवरच अधिकारी विश्वास ठेवतात. पार्श्वभूमीपेक्षा विमानाचा आवाज किमान १० डेसिबलने वर असेल, तेव्हाच ती घटना विमानाची म्हणून मोजणे योग्य.

विमान ओळखण्याची सोय

पूर्वी नागरिकांच्या नोंदी एका जागी अडत. ‘पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी मोठा आवाज’ एवढेच सांगता येई. ते विमान कोणते, हे विमानतळालाच ठाऊक असे. आता बहुतेक प्रवासी विमाने आपली ओळख, उंची, वेग आणि स्थान १,०९० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर सतत प्रक्षेपित करतात. एक छोटा ग्राहक आणि साधा संगणक असला की घरबसल्या ही माहिती पकडता येते. २००६ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेली ‘फ्लाइटरडार२४’ ही सेवा याच तत्त्वावर उभी राहिली. स्वित्झर्लंडमधून चालणारे ‘ओपनस्काय’ हे जाळे संशोधकांना हीच माहिती उपलब्ध करून देते.

ध्वनिमापकाचे घड्याळ आणि विमानाच्या माहितीचे घड्याळ एकाच वेळेवर लावले, की प्रत्येक कमाल आकड्यासमोर विमानाचा प्रकार आणि उंची लिहिता येते. मग तक्रारीचे स्वरूप पालटते. सर्वच विमाने त्रासदायक आहेत, या विधानाऐवजी अमुक प्रकारची जुनी मालवाहू विमाने रात्री दोन ते चार या वेळेत अधिक आवाज करतात, असे नेमके विधान करता येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९७१ पासून विमानांच्या आवाजाची मानके ठरवली असून ती टप्प्याटप्प्याने कडक होत गेली आहेत. सर्वांत अलीकडच्या टप्प्याची अंमलबजावणी मोठ्या विमानांसाठी २०१७ च्या अखेरीपासून सुरू झाली. नवे विमान जुन्यापेक्षा शांत असते ते यामुळे. मात्र विमाने शांत होत असताना त्यांची संख्या वाढत गेली, हेही तितकेच खरे.

परदेशातील अनुभव

जर्मनीतील फ्रँकफर्ट हे नागरिकांच्या मापनाचे ठळक उदाहरण आहे. तेथील विमानतळाच्या विस्ताराविरुद्ध १९८० च्या दशकापासून आंदोलने झाली. पुढे रहिवाशांनी एकत्र येऊन ‘जर्मन विमानध्वनी सेवा’ या अर्थाच्या नावाची संस्था काढली. सभासदांनी आपापल्या छपरांवर मायक्रोफोन बसवले आणि त्यांचे आकडे सर्वांना पाहता येतील असे खुले केले. चौथी धावपट्टी ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाल्यावर लोक दर सोमवारी विमानतळाच्या इमारतीतच जमून निदर्शने करू लागले. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतील नियोजित उड्डाणांवरील बंदीवर एप्रिल २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने शिक्कामोर्तब केले.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्या आहेत. पश्चिमेकडे वाहतूक चालू असताना उतरण्याची धावपट्टी दुपारी ३ वाजता बदलतात. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या वस्तीला दिवसाचा अर्धा भाग ठरलेली विश्रांती मिळते. आवाज कमी झाला नाही तरी तो केव्हा थांबणार हे ठाऊक असणे, हाही दिलासा असतो. मुंबईत धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि दुसरी आखूड आहे, त्यामुळे तीच योजना येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही.

दिल्लीत २००८ मध्ये इंदिरा गांधी विमानतळाची तिसरी धावपट्टी सुरू झाली आणि वसंत कुंज, बिजवासन या भागांतील रहिवासी रात्रीच्या आवाजाविरुद्ध न्यायालयात व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. विमानतळांभोवतीच्या आवाजाचा प्रश्न देशाच्या धोरणापर्यंत पोचण्यात या प्रकरणांचा वाटा मोठा आहे.

आरोग्याचा प्रश्न

विमानाचा आवाज ही केवळ चिडचिडीची बाब नाही. युरोपातील सहा विमानतळांजवळच्या ४५ ते ७० वयोगटातील सुमारे ४,९०० व्यक्तींच्या ‘हायेना’ या अभ्यासात रात्रीच्या विमानांच्या आवाजाचा आणि उच्च रक्तदाबाचा संबंध आढळला; हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिद येथील विमानतळांलगतच्या ८९ शाळांतील ९ ते १० वर्षांच्या २,८०० हून अधिक मुलांचा ‘रँच’ अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. विमानांचा आवाज जसा वाढतो तशी मुलांची वाचून समजण्याची क्षमता घटते, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्युनिकमधील अनुभव आशादायक आहे. तेथील जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी आणि नंतर तपासणी केली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे बिघडले. नुकसान भरून निघू शकते, हे त्यातून दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत विमानांचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र निर्देशांकानुसार ४५ आणि रात्री ४० डेसिबलच्या खाली असावा, असे म्हटले आहे. रस्त्यावरील वाहतुकीसाठी हेच आकडे ५३ आणि ४५ आहेत. तेवढ्याच डेसिबलचा विमानाचा आवाज माणसाला अधिक त्रास देतो, हे त्यातून स्पष्ट होते.

आधीची शांतता मोजण्याची वेळ

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. उलवे, पनवेल आणि आसपासच्या नोडमध्ये यापुढे कितीही काटेकोर मापन झाले, तरी विमानतळापूर्वीची पातळी आता कोणालाही मोजता येणार नाही. ती ज्यांनी टिपून ठेवली असेल, त्यांच्या वहीला पुढील वादांत किंमत राहील. पुण्यासाठी पुरंदर तालुक्यातील सात गावांत विमानतळ नियोजित आहे. तेथील चर्चा भूसंपादन आणि मोबदला यांभोवती फिरते, आणि ते साहजिकही आहे. परंतु ज्या गावांची जमीन जाणार नाही, केवळ आकाश जाणार आहे, त्यांच्यासाठी आजच्या रात्रीची नोंद हाच उद्याचा एकमेव पुरावा असेल.

विदर्भाच्या पूर्व टोकालाही हा विचार लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली, २०२२ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली आणि मधल्या खंडानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती पुन्हा चालू झाली. तेथून बऱ्याच अंतरावर असलेले साकोली तालुक्यातील सानगडी हे किल्ल्यासाठी ओळखले जाणारे गाव विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात येत नाही. परंतु ध्वनिप्रदूषणाचे नियम शहरांपुरते नाहीत. लग्नाच्या वरातीतील डीजे असो, भातगिरणी असो वा उद्या मार्ग बदलून येणारे विमान असो. शांत खेड्यातील रात्रीची पातळी ३० डेसिबलच्या आसपास असू शकते आणि अशा ठिकाणी ५५ डेसिबलचा आवाजही झोप मोडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०११ पासूनचे कायमस्वरूपी ध्वनिमापन जाळे सात महानगरांतील ७० केंद्रांवर उभे राहिले. खेड्यातील शांतता मोजणारे यंत्र त्या आखणीत नव्हते.

नोंदवही कोणाकडे न्यावी?

नागरिकाने घेतलेला आकडा हा शेवटचा पुरावा मानला जात नाही. अधिकृत यंत्रणेला मापन करायला भाग पाडणे, हे त्याचे काम. किमान दोन आठवड्यांच्या, शक्यतो दोन वेगवेगळ्या ऋतूंतील नोंदी एकत्र करून प्रथम विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे किंवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यावा. त्याची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पाठवावी. मोठ्या विमानतळांवरील मापन केंद्रांचे आकडे माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. त्याच दिनांकाचे आणि त्याच वेळेचे अधिकृत आकडे स्वतःच्या वहीशेजारी मांडले, की फरक असल्यास तो आपोआप पुढे येतो.

मागणी नेमकी असावी. विमानतळ हलवा, या मागणीवर कोणीही विचार करणार नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या ‘संतुलित दृष्टिकोना’त चार उपाय सांगितले आहेत : शांत विमाने, जमीनवापराचे नियोजन, उड्डाणाच्या पद्धतीत बदल आणि अखेरीस उड्डाणांवर निर्बंध. शाळेच्या वर्गखोल्यांना दुहेरी काचा, रात्रीच्या ठराविक तासांत इंजिनांच्या चाचण्या बंद, उतरताना उंची टिकवून सलग खाली येण्याची पद्धत, नव्या इमारतींच्या परवानगीत ध्वनिरोधक बांधकामाची अट, या मागण्या त्या चौकटीत बसतात आणि नोंदवहीतील आकड्यांच्या आधारे मांडता येतात.

एक खबरदारी शेवटी सांगायला हवी. नोंदवही एका व्यक्तीची राहिली, तर ती व्यक्ती घर बदलताच काम थांबते. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत यंत्राच्या खर्चाला मंजुरी घेऊन, दोन-तीन रहिवाशांत पाळी लावून आणि वहीची प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवून हे काम चालवल्यास ते टिकते. पाच वर्षांनी धावपट्टीच्या विस्ताराचा किंवा नव्या उड्डाणमार्गाचा प्रस्ताव जनसुनावणीला येईल, तेव्हा त्या सभागृहात ज्यांच्या हातात पाच वर्षांचे आकडे असतील, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे लागेल.